एन.सी. की एफ.आय.आर.? पोलीस ठाण्याची पायरी पहिल्यांदाच चढणाऱ्यांसाठी

मी वकील नाही. सोलापुरात एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. पण २०२४ च्या दिवाळीनंतर माझ्या चुलत भावामुळे पोलीस ठाणे, सिव्हिल (सरकारी दवाखाना) आणि कोर्ट या तिन्ही ठिकाणी इतक्या खेपा झाल्या, की आता गल्लीत कुणाचं काही बिनसलं की माणसं आधी माझ्याकडे येतात. दर वेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो.

आधी प्रकरण काय झालं ते सांगतो, कारण पुढे त्याचाच दाखला येत राहणार आहे. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी गल्लीत कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं. शेजारच्या काकांनी नळाला थेट मोटार जोडली, आमची धार करंगळीएवढी झाली. भाऊ विचारायला गेला, शिवीगाळ झाली. काकांनी कॉलर धरली, भावाने ढकललं, काका उंबऱ्यावर पडले. एवढंच. पुढे दीड वर्ष आम्ही या 'एवढंच'चं पाणी भरलं.

१. आधी ठरवा: हा फौजदारी मामला आहे का?

उसने दिलेले पैसे परत येत नाहीत, भाडेकरू घर सोडत नाही, वाटणीत भाऊ हिस्सा देत नाही हे बहुतेक वेळा दिवाणी वाद असतात. त्यात पोलीस फार तर समजूत घालतील. गुन्हा व्हायला सहसा दोन गोष्टी जुळाव्या लागतात: कायद्याने मना केलेलं कृत्य आणि त्यामागचा हेतू किंवा जाणीव. (काही गुन्ह्यांत निष्काळजीपणाही पुरतो. गाडी बेदरकार चालवून कुणाचा जीव गेला, तर मारायचा हेतू नव्हता म्हणून सुटका नाही.)

सिद्धेश्वर मंदिरातून बाहेर येताना चुकून दुसऱ्याची चप्पल पायात घातली, तर ती चोरी नव्हे. अप्रामाणिक हेतू नाही. घरी आल्यावर लक्षात आलं, आणि 'बरी आहे की' म्हणून तशीच वापरायला काढली, तर मात्र तो अपहाराकडे जाणारा रस्ता झाला. चप्पल तीच, फरक पडला तो मनात.

चेक परत येणं हा आमच्या सूत-टॉवेलच्या धंद्यातला नेहमीचा ताप. त्यासाठी लोक पोलिसांत धावतात आणि हात हलवत परततात, कारण नुसत्या चेकच्या प्रकरणात दाद मागायची ती थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. चेक वटला नाही असा बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत समोरच्याला लेखी नोटीस. नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला त्याला १५ दिवस. त्यातही दिले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. 'देतो की ओ, पुढच्या सोमवारी' ऐकत बसलात की मुदत निघून जाते. आमच्या मालकांची एकदा अशीच गेली.

२. कलमाचा नंबर जुना की नवा, ते बघा

१ जुलै २०२४ पासून १८६० ची भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. घटना त्या तारखेच्या आधीची असेल तर गुन्हा जुन्याच कलमांनी चालतो.

ठाण्यात आणि कोर्टाच्या आवारात अजून जुने नंबरच तोंडी असतात, म्हणून ही जोडी लिहून ठेवा: खून ३०२ चा १०३(१) झाला, खुनाचा प्रयत्न ३०७ चा १०९, चोरी ३७९ ची ३०३(२), साधी मारहाण ३२३ ची ११५(२), गंभीर दुखापत ३२५ ची ११७(२), फसवणूक ४२० ची ३१८(४), शिवीगाळ करून अपमान ५०४ चा ३५२, धमकी ५०६ ची ३५१, पती-सासरचा छळ ४९८-अ चा ८५. नव्या संहितेत ३०२ म्हणजे धार्मिक भावना दुखावणारं बोलणं. कागदावर ३०२ दिसलं म्हणून आमच्या ओळखीतल्या एका माउलीला भोवळ आली होती. आधी कायद्याचं नाव वाचा, मग नंबर.

३. दखलपात्र की अदखलपात्र, हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न

दखलपात्र गुन्ह्यात पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास सुरू करू शकतात आणि वॉरंटशिवाय अटक करू शकतात. त्याचा एफ.आय.आर. होतो, गुन्हा रजिस्टर नंबर पडतो. अदखलपात्र गुन्ह्यात नुसती नोंद होते, तिलाच एन.सी. म्हणतात. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्यात तपास करता येत नाही आणि वॉरंटशिवाय अटकही करता येत नाही.

लोकांचा समज असा, की एन.सी. केली म्हणजे समोरच्यावर केस झाली. तसं नसतं. एन.सी. घेऊन तुम्ही घरी बसलात तर बहुतेक वेळा ती वहीतच राहते. ती पुढे न्यायची असेल तर तुम्हालाच न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. तपासाचा आदेश मागा, नाहीतर सरळ खाजगी तक्रार दाखल करा.

साधी मारहाण, शिवीगाळ, धमकी ही अदखलपात्र. हत्याराने मारलं, गळ्यातली चेन हिसकावली, घरफोडी केली की दखलपात्र. एकाच घटनेत चार अदखलपात्र आणि एक दखलपात्र कलम असेल तर अख्खं प्रकरण दखलपात्र धरतात.

आता आमच्या प्रकरणाकडे. त्या रात्री दोन्ही पार्ट्या ठाण्यात. ठाणे अंमलदारांनी दोघांकडे पाहिलं आणि विचारलं, "रक्त आलंय? हाड मोडलंय? हत्यार होतं?" तिन्हीला नाही. मग आमची त्यांच्यावर एन.सी., त्यांची आमच्यावर एन.सी. काका मनगट धरून बसले होते, म्हणून त्यांना मेडिकलची यादी (तपासणीसाठी दवाखान्याच्या नावे पोलिसांची चिठ्ठी) देऊन सिव्हिलला पाठवलं. भावाच्या मानेवर ओरखडे होते. तो म्हणाला, "सोड की दादा, एवढ्यासाठी कशाला मेडिकल." आणि मीही सोडलं. ती माझी चूक.

दोन दिवसांनी एक्स-रे आला. मनगटाचं हाड मोडलेलं. हाड किंवा दात मोडला, की कायद्याच्या भाषेत ती गंभीर दुखापत. ११५(२) च्या जागी ११७(२), सात वर्षांपर्यंत शिक्षा, दखलपात्र. पोलिसांच्या बोलीत याला 'कलम वाढलं' म्हणतात. ढकलणं तेच आणि उंबराही तोच, पण एका फिल्मने भाऊ एन.सी.तल्या गैरअर्जदाराचा एफ.आय.आर.मधला आरोपी झाला. आमच्या बाजूने ओरखड्यांचा कागदच नव्हता, त्यामुळे कॉलर आधी कुणी धरली हे सांगायला फक्त आमची तोंडं.

म्हणून: लागलं असेल, कितीही थोडं, तर त्याच दिवशी यादी मागून मेडिकल करून घ्या. खाजगी दवाखान्यात आधी गेलात तर डॉक्टरांना मारहाणीचं कारण सांगा, 'पडलो' म्हणू नका. तो शब्द केसपेपरवर कायमचा राहतो.

उलटा सापळाही सांगतो. एन.सी.चा एफ.आय.आर. व्हावा म्हणून 'चेन ओढली, खिशातले पाच हजार घेतले' असं जोडून द्यायचा सल्ला गल्लीतले जाणते हमखास देतात. आम्हालाही दिला. ऐकू नका. उलटतपासणीत चेनची पावती विचारली की सगळंच खोटं वाटू लागतं, खरं होतं तेही. शिवाय लोकसेवकाला खोटी माहिती देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम २१७.

४. चोरी आणि 'गहाळ'

गड्ड्याच्या जत्रेत किंवा एस.टी. स्टँडवर मोबाईल गेला, की ठाण्यात बऱ्याचदा 'गहाळ' असा दाखला मिळतो. नवीन सिमकार्ड घ्यायला तो पुरतो. पण गहाळ म्हणजे तुमच्या हातून हरवला. चोरीचा गुन्हा त्याने नोंदला जात नाही. खिशातून काढला हे तुम्हाला माहीत असेल तर तसंच सांगा आणि तसंच लिहून घ्या.

नव्या कायद्यात एक बदल झालाय तो फारसा कुणाला ठाऊक नाही. चोरलेल्या वस्तूची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर ती चोरी आता अदखलपात्र आहे. म्हणून मोबाईलचं बिल, खोका, आय.एम.ई.आय. नंबर सोबत न्या. बारा हजारांचा फोन 'जुना मोबाईल, अं. किं. ४,००० रु.' असा लिहिला गेला तर प्रकरण खालच्या खणात गेलंच म्हणून समजा.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर ठाण्यात जायच्या आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन लावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवायचे असतात, तिथे मिनिटं मोजतात. सोलापूरकराला हा नंबर पाठ करावा लागू नये, मार्शल लॉचंच साल आहे.

५. ठाण्यात जाताना

हद्द बघा. फौजदार चावडी, जेल रोड, सदर बझार, विजापूर नाका ही शहर आयुक्तालयाची ठाणी. बार्शी, मोहोळ, अक्कलकोट, पंढरपूर ग्रामीण अधीक्षकांकडे. पण दखलपात्र गुन्हा असेल तर 'आमची हद्द नाही' म्हणून परत पाठवता येत नाही. शून्य क्रमांकाने नोंद घेऊन ती योग्य ठाण्याकडे वर्ग करायची असते.

सोबत एवढं ठेवा:

- आधार कार्ड किंवा दुसरं ओळखपत्र, दोन झेरॉक्स
- घटनेचा अर्ज, दोन प्रती. तारीख, वेळ, जागा, कोण कोण होतं, कोणी काय केलं, याच क्रमाने. एका प्रतीवर पोचचा शिक्का आणि सही घेतल्याशिवाय उठू नका
- फोटो, व्हिडिओ, मेसेज. मूळ मोबाईलमधलं काही पुसू नका, पाठवलेल्या कॉपीला मूळचं वजन नसतं
- दवाखान्याचे कागद, वस्तूंची बिलं
- पाहणाऱ्यांची नावं, त्यांना विचारून

फिर्याद टाइप झाली की वाचून घ्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा म्हणा, तो तुमचा हक्क आहे. फिर्यादीवर तुमची सही लागते आणि तिची प्रत फुकट मिळते. साक्षीदार म्हणून पोलीस जबाब घेतात, त्यावर मात्र सही घ्यायची नसते. पंचनाम्यावर पंच म्हणून सही केली की पुढे साक्षीला जावं लागतं, हे समजून करा.

घटनेबद्दल ऑनलाइन कळवलं असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. तीन ते सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलीस वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करू शकतात, तेव्हा 'चौकशीवर आहे' हे उत्तर दर वेळी टोलवाटोलवीच असतं असं नाही. पंधराव्या दिवशी मात्र विचारा.

घेतलंच नाही, तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने, शहरात आयुक्तालयात उपायुक्तांकडे किंवा ग्रामीणमध्ये अधीक्षकांकडे. तिथेही हललं नाही तर वकिलामार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली. पोस्टाची पावती तिथे लागते. माझ्या ओळखीत एकाने ती फेकून दिली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

६. तुमच्यावरच गुन्हा दाखल झाला तर

भावावर कलम वाढल्यावर घरात रडारड सुरू झाली. भावाची आई, म्हणजे माझ्या काकू, देव पाण्यात ठेवून बसल्या. वकीलसाहेबांनी पहिला प्रश्न विचारला तो 'काय झालं' हा नव्हता. "कागद दाखवा. जामीनपात्र आहे का बघू."

जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे, ठाण्यातूनही होतो. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं नव्हे. तो द्यायचा की नाही हे कोर्ट ठरवतं, इतकाच अर्थ. आणि गंभीर म्हणजे अजामीनपात्र, साधा म्हणजे जामीनपात्र, असं सरळ गणितही नाही. हाड मोडणारं ११७(२), सात वर्षांचं, जामीनपात्र आहे. हत्याराने केलेली साधी दुखापत, ११८(१), तीन वर्षांची, अजामीनपात्र. त्या उंबऱ्यावर भावाच्या हातात पान्हा असता तर आमचं प्रकरण वेगळ्याच रस्त्याने गेलं असतं.

सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात सहसा आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस येते: अमुक दिवशी हजर राहा. भावालाही तीच आली. नोटिशीप्रमाणे जात राहिलात तर सहसा अटक होत नाही. घाबरून गावाला निघून जाणं हा सगळ्यात वाईट उपाय, कारण मग अटकेला कारण मिळतं.

अटक झालीच तर लक्षात ठेवा: अटकेचं कारण सांगावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं. वकिलाला भेटता येतं. बाईमाणसाला सूर्यास्तानंतर ते सूर्योदयाआधी अटक करत नाहीत. अपवादात्मक परिस्थितीत केली तर महिला पोलीस आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. पोलीस कोठडी म्हणजे तपासासाठी पोलिसांच्या ताब्यात, न्यायालयीन कोठडी म्हणजे जेलमध्ये. गुन्ह्याप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामिनाचा हक्क उभा राहतो, पण अर्ज तुम्हाला करावा लागतो, आपोआप कुणी सोडत नाही. अटकेची भीती आधीच असेल तर अटकपूर्व जामीन सत्र न्यायालयात मागायचा, आपल्याकडे जिल्हा न्यायालयात.

जामीनदार हा खरा घोळ. ऐनवेळी भाऊबंद फोन उचलत नाहीत. जामीनदाराचं आधार, रेशन कार्ड, फोटो आणि ऐपत दाखवणारा कागद लागतो: सातबारा, घरपट्टीची पावती किंवा पगारपत्रक. आमचे जामीनदार आले खरे, पण घरपट्टी थकलेली. पावती जुनी, म्हणून दुपार पाण्यात. जामीनपात्र गुन्ह्यात आठवड्याभरात जामीनदार देता आला नाही, तर माणसाला गरीब धरून जातमुचलक्यावर (जामीनदाराशिवाय, स्वतःच्याच हमीवर) सोडायची तरतूद आहे, हे वकिलालाही आठवण करून द्या.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोनवर विचारायचं तर १५१००.

७. चॅप्टर केस

दोन्हीकडून एन.सी. झाली की काही दिवसांनी दोघांनाही बोलावणं येतं: पुन्हा भांडणार नाही असा बंधपत्र लिहून द्या. ही पूर्वीची १०७ ची चॅप्टर, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १२६. शहरात सहायक पोलीस आयुक्तांपुढे, गावाकडे तहसीलदारांपुढे चालते. ही शिक्षा नाही, पण बंधपत्राच्या मुदतीत पुन्हा भांडलात तर महागात पडतं. तारीख चुकवू नका.

८. मिटवता येतं का?

साधी मारहाण दोघं राजी असतील तर परवानगीशिवाय मिटते. गंभीर दुखापत न्यायालयाच्या परवानगीने. खून, दरोडा कधीच नाही. ८५ सारखी काही कलमं आपसात मिटवता येत नाहीत. अशा कलमांत समेट झाला तरी गुन्हा रद्द करायला उच्च न्यायालयात जावं लागतं, आणि ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्ह्यासाठी त्याची वाट कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जाते.

स्टॅम्प पेपरवर 'आमचं मिटलं' लिहून घरी ठेवलं म्हणजे केस मिटली असं होत नाही. ते कोर्टापुढे जायला हवं. रीतसर तडजोड झाली की तिचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखाच असतो. नाहीतर पासपोर्ट किंवा नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत ती केस वर्षानुवर्षं प्रलंबित दिसत राहते.

९. तारखा स्वतः बघा

प्रत्येक केसला १६ अक्षरी सी.एन.आर. नंबर असतो. तो ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये टाकला की पुढची तारीख आणि आजचा आदेश दिसतो. फुकट आहे. एफ.आय.आर.ची प्रतही महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर निघते, महिलांवरचे अत्याचार किंवा तशी नाजूक प्रकरणं सोडून. कारकुनाला चहा पाजून तारीख विचारायचे दिवस गेले. चहा हवा तर आपला आपण प्यावा.

आमचं या जूनमध्ये मिटलं. न्यायाधीशांनी काकांना विचारलं, "दबावाखाली नाही ना?" काका म्हणाले, "नाही साहेब, शेजारीच आहेत." बाहेर आल्यावर त्यांनी भावाला रिक्षात बसवून घेतलं, कारण त्या दिवशी पाणी यायचं होतं आणि दोघांनाही घाई होती. मोटार अजून आहे. आता आम्हीही लावलीय.